कुणाच्या डावीकडे?

आत्या सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेसने येणार होती. मी पुणे स्टेशनच्या मुख्य दाराशी रिक्षावाल्यांना नकार देत उभी होते आणि फोनवर तिला मोठ्या ऐटीत सांगत होते, "पुलावर चढ, डावीकडे वळ आणि एक नंबरला उतर. मी बाहेरच आहे." दहा मिनिटांनी तिचा फोन आला. "अगं, इथे मेट्रोचा जिना दिसतोय. तू कुठे आहेस?" आत्या राजा बहादूर मिलच्या बाजूला निघाली होती. म्हणजे बरोब्बर उलट.

"अगं, पाटी बघायची ना!"

"तू डावीकडे म्हणालीस. मग पाटी कशाला बघू?"

यावर मला काही बोलता आलं नाही. चूक माझीच होती. पुलाला दोन्ही अंगांनी जिने असतात. मी मनातल्या मनात माझ्या नेहमीच्या जिन्याने चढले आणि आत्या तिच्या डब्यासमोरच्या जिन्याने चढली. माझी डावी ती तिची उजवी. तेव्हापासून मला स्टेशनातल्या पाट्यांबद्दल एकदम आदर वाटू लागलाय. पाटी वाचायची तर तिच्याकडे तोंड करावंच लागतं, त्यामुळे वाचणाऱ्याची डावी बाजू कुठली हे पाटीला न विचारता कळतं. फोनवर मला ते कळायला काही मार्गच नव्हता.

अर्थात पाटीवरच्या बाणाचंही सगळं सरळ नसतं. आडवा बाण गरीब बिचारा, त्याच्याबद्दल तक्रार नाही. घोळ उभ्या बाणाचा. वर टोक केलेला बाण म्हणजे सरळ जा की जिना चढ? रस्त्यावर तो 'सरळ' असतो. त्याच संध्याकाळी आम्ही मेट्रोने स्वारगेटला गेलो. जिल्हा न्यायालय स्टेशनात गाडी बदलावी लागते. अ‍ॅक्वा मार्गिका डोक्यावर पुलावरून धावते आणि जांभळी सुमारे ३३ मीटर खाली, जमिनीच्या पोटात. तिथे वर म्हणजे खरोखरच वर आणि खाली म्हणजे खरोखरच खाली. सरकत्या जिन्यांवरून उतरता उतरता आत्या म्हणाली, "विहिरीत चाललोय का गं?" आणि हाच खाली टोकाचा बाण एक्स्प्रेस वेच्या कमानीवर दिसला तर त्याचा अर्थ असतो, तुमची लेन ही. तिथे कुणी गाडी जमिनीत घालत नाही, हे नशीब.

फलाटाच्या टोकाला ती पिवळी पाटी असते ना, काळ्या अक्षरांची, तिच्याकडे कधी नीट बघा. पुणे, पुन्हा पुणे, आणि मग इंग्रजीत पुणे. पहिलं मराठीतलं, दुसरं हिंदीतलं. लहानपणी मला वाटायचं, एकदा वाचून कळलं नाही तर दुसऱ्यांदा वाचायला ठेवलंय. गावाच्या नावापुरतं हे गमतीचं, पण बाहेर जाण्याचा मार्ग, प्रतीक्षालय, चौकशी हे सगळं तीन-तीनदा एकाच पत्र्यावर बसवायचं म्हटलं की अक्षरं अंग चोरून बसतात. त्यात आपली देवनागरी! इंग्रजी कॅपिटल अक्षरं शाळेतल्या रांगेसारखी एका उंचीत उभी राहतात. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार नाहीतर जोडाक्षराचा पाय. या सगळ्यांना जागा द्यायची तर मधलं मूळ अक्षरच लहान करावं लागतं. म्हणून सारख्याच उंचीच्या पट्टीत मराठी ओळ इंग्रजीपेक्षा बारीक दिसते, आणि बारीक अक्षर लांबून बघितलं की घ आणि ध, भ आणि म एकमेकांचे कपडे घालून फिरायला लागतात. रंगाऱ्याला हे ठाऊक असतं. तो शिरोरेषा थोडी बारीक ओढतो आणि मात्रा जरा ठसठशीत काढतो. कॉम्प्युटरवर फॉन्ट ताणून लांबरुंद करणाऱ्याला ते कोण सांगणार?

वाचायची वेळच येऊ नये, हा एक वेगळा उपाय. मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ साली सुरू झाली तेव्हा लान्स वायमन नावाच्या डिझायनरने स्टेशनांना चित्रं दिली. चापुल्तेपेकला नाकतोडा, कारण त्या नावातच नाकतोडा आहे. वाचता न येणारा माणूसही नाकतोडा आला की उतरू शकतो. हे वाचलं तेव्हा मला फार कौतुक वाटलं, आणि मग आठवलं, आपल्या पुण्याच्या पेठांमधून तरी वेगळं काय केलंय? जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पत्र्या मारुती, भांग्या मारुती. चार मारुती असले की 'मारुतीपाशी वळा' याला अर्थ उरत नाही, म्हणून प्रत्येकाला एकेक खूण चिकटवली. पासोड्या विठोबा आणि खुन्या मुरलीधर त्यातलेच. नावं विक्षिप्त आहेत, पण एकदा ऐकलेलं माणूस विसरत नाही. 'गेट क्रमांक तीन' मात्र मी दरवेळी विसरते.

जिथे माणूस थबकतो, तिथे पाटी हवी. बोलायला हे सोपं, पण रोज जाणाऱ्याला कुठे थबकायला होतं ते दिसतच नाही. तो थबकतच नाही. ते दिसतं ज्याला दिवसभर लोक विचारतात त्याला. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला दोनशेहून जास्त बाहेर पडायचे रस्ते आहेत. २००३च्या सुमारास तिथे काम चालू असताना एक सुरक्षा रक्षक लोकांना वाटा सांगून सांगून थकला आणि त्याने रंगीत टेप कापून भिंतीवर भलीमोठी अक्षरं चिकटवायला सुरुवात केली. त्याचं काम गर्दी आवरायचं, अक्षरं काढायचं नव्हे. पण ती अक्षरं इतकी सुबक निघाली की नंतर लोक मुद्दाम बघायला जाऊ लागले.

आमच्या आत्यालाही शेवटी असाच एकजण भेटला. मी पूल ओलांडून तिकडे पोहोचले तेव्हा ती रस्त्यावर एका चहाच्या गाडीपाशी बॅगेवर बसून क्रीमरोल खात होती. गाडीच्या काचेवर पुठ्ठा चिकटवलेला: 'इथे फक्त चहा. रिक्षा, मेट्रो, स्टेशन खाली बघा.' खाली तीन ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे एक बाण. पण बाण पुठ्ठ्यावर काढलेले नव्हते. तिन्ही वेगवेगळ्या तुकड्यांवर काढून सुतळीने लोंबकळत ठेवले होते.

"हे असं का हो?" मी विचारलं.

"पोलीस आले की गाडी हलवतो, तोंड फिरतं. मग बाण पलटतो." त्याने एक तुकडा उलटा करून दाखवला. मागच्या बाजूलाही बाण होता.

आत्याने माझ्याकडे बघितलं आणि क्रीमरोलचा उरलेला तुकडा तोंडात टाकला.