बडतर्फीचा आदेश आला? आधी रोजनामा काढा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारचा पोलीस शिपाई बडतर्फ झाला की पहिलं वाक्य ठरलेलं: "आता हायकोर्टातच जातो." रस्ता तसा नाही. अधीक्षकांच्या आदेशावर आधी नाशिकला विशेष पोलीस महानिरीक्षकांकडे अपील, मग मॅटच्या (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या) छत्रपती संभाजीनगर खंडपीठात अर्ज आणि त्यानंतर उच्च न्यायालय. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७च्या एल. चंद्रकुमार निकालापासून मॅट टाळून थेट वर जाता येत नाही. मॅटमध्ये अर्जाची मुदत अपिलाच्या निकालापासून एक वर्ष. अपील सहा महिने पडूनच राहिलं, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. स्मरणपत्रं पाठवत बसल्याने ती वाढत नाही, बरेच जण इथेच फसतात.

आरोप लाचेचा असेल तर पैसे घेतले की नाही, हे मॅट नव्याने ठरवत नाही. खातेनिहाय चौकशी नीट झाली का, एवढंच बघतं. म्हणून रोजनामा, म्हणजे चौकशीच्या कामकाजाची रोजची नोंद, ओळीओळीने वाचा. समजा, सादरकर्ता अधिकारी (खात्याची बाजू मांडणारा) नाही आणि चौकशी अधिकारीच साक्षीदाराला खोदून विचारतोय. प्राथमिक चौकशीतला जबाब जोडलाय, पण जबाब देणारा उलटतपासाला आलाच नाही. केस इथे उभी राहते. नुसती एफआयआरची प्रत हा पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या रूपसिंग नेगी निकालात (२००९) आहे. चौकशी अहवालाची प्रत मिळाली नसेल तर तेवढंच लिहून भागत नाही. मिळाली असती तर काय मांडलं असतं, तेही अर्जात हवं.

अटकेनंतर चार दिवसांत, चौकशीशिवाय निघालेला आदेश बहुधा राज्यघटनेच्या कलम ३११(२)(ब) खालचा असतो; चौकशी करणं शक्य नसेल तर ती न करता बडतर्फ करण्याची मुभा त्यात आहे. चौकशी का शक्य नाही, याचं कारण लेखी लागतं. ते आदेशात नसलं तरी चालतं, पण फाइलवर आदेशाआधीचं हवं. त्या टिपणीची तारीख बघा. "साक्षीदार घाबरतील" एवढीच ओळ आणि मागे एकही कागद नाही, शिवाय त्याच साक्षीदारांचे जबाब गुन्ह्याच्या तपासात आरामात नोंदवलेले, तर सरकारी वकिलाची पंचाईत होते.

फौजदारीत सुटलात म्हणून नोकरी आपोआप परत मिळत नाही. दोन्हीकडे आरोप, साक्षीदार, पुरावा तेच होते, हे शेजारी शेजारी मांडून दाखवावं लागतं.

आदेश रद्द झाला तरी बहुधा चूक झाली त्या टप्प्यापासून चौकशी पुन्हा लावतात. मागचा पगार हवा असेल तर मधल्या काळात दुसरीकडे कमाईची नोकरी नव्हती, हे पहिल्याच अर्जात शपथेवर लिहा.