नेलपेंट दुसऱ्या दिवशी उडते, कारण नख ओलं असतं

नेलपेंटचे टवके उडायला लागले की आपण बाटलीला दोष देतो. माझा राग मात्र एका सल्ल्यावर आहे: 'आधी हात दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा.' नैसर्गिक नखावर रंग टिकवायचा असेल, तर नेमकं हेच टाळायचं.

नख दिसतं टणक, पण पाणी भराभर पितं. भिजलं की फुगतं, मऊ पडतं. त्या फुगलेल्या नखावर बसवलेला रंग पुढे अडचणीत येतो. पाणी उडून जातं, नख आकसतं, रंगाचा थर मात्र त्याच्याबरोबर तितका आकसत नाही. दोघांमधली पकड सुटते, ती बहुधा टोकाशी. म्हणून क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, मऊ करायला हात भिजवायचेच असतील तर आदल्या दिवशी भिजवा. रंग लावण्याआधी निदान एक-दोन तास मी हात पाण्यात घालत नाही.

रंग लावल्यानंतरही पाणी तोच खेळ करतं. भांडी घासून झाल्यावर एक नख उजेडात तिरपं धरून बघा. टोकाला रंगाखाली केसाएवढी पांढुरकी रेघ दिसली, तर तिथून रंग सुटायला लागलाय. ती नखाने खरवडू नका. नख पूर्ण कोरडं झालं की टोकाच्या कडेवरून टॉप कोटचा, म्हणजे रंगावर शेवटी लावायच्या पारदर्शक थराचा, ब्रश फिरवा. भांडी, धुणं, लादी यांना रबरी हातमोजे हवेतच, याला मला पर्याय सापडलेला नाही.

टोकाचा टवका आणि मुळापासून सालीसारखा निघालेला रंग या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. साल निघते तेव्हा खाली तेल राहिलेलं असतं किंवा नखाला चिकटलेली मेलेली कातडी. म्हणून जुना रंग नसला तरी रिमूव्हरचा बोळा प्रत्येक नखावरून फिरवायचा, आणि तो तेल घातलेला 'पोषक' रिमूव्हर नको. साधा अ‍ॅसिटोन घ्या. त्यानंतर नखाला बोट लावायचं नाही.

मग बेस कोट (रंगाआधी नखावर लावायचा थर), रंगाचे दोन पातळ हात, टॉप कोट. दर हातानंतर दोन-तीन मिनिटं थांबा. प्रत्येक वेळी ब्रश नखाच्या टोकाच्या जाडीवरूनही आडवा ओढा, म्हणजे कड बंद होते. बाजूच्या कातडीला रंग लागू देऊ नका, तिथूनच तो उचलला जातो. जाड हात वरून सुकतो आणि आत ओलाच राहतो. पातळ हातसुद्धा पंधरा मिनिटांत फक्त स्पर्शाला कोरडा होतो, आतलं द्रावक उडायला कित्येक तास लागतात. रात्री लावून लगेच झोपलं की चादरीची वीण नखावर उमटते ती यामुळेच. गरम पाण्याची अंघोळही आधी उरका.

दर दोन-तीन दिवसांनी टॉप कोटचा एक पातळ हात द्या. टोकाला पदर सुटलेलं नख असेल तर तेवढा भाग आधी बारीक फाइलने एकाच दिशेने घासून काढा, सुट्या पदरावर रंग टिकत नाही. नखं चकचकीत होईपर्यंत घासून बफ करू नका. पातळ झालेलं नख जास्त वाकतं आणि वरचा रंग तडकतो.

बाटली हलवली की बुडबुडे येतात, ती तळहातांत फिरवा. आणि दाट झालेल्या रंगात रिमूव्हर ओतू नका, नेलपेंटचा थिनर मिळतो, त्याचे दोन-तीन थेंब पुरतात.