तुम्ही विचारलंत म्हणून : इनामगावचे लोक मेलेल्यांना घरातच का पुरायचे?

इनामगावच्या प्राचीन वस्तीचं नाव निघालं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मेलेल्यांना घरातच पुरायचे म्हणे, भीती नाही वाटायची?" आणि लगेच, "पाय का तोडायचे?" दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन कंटाळले, म्हणून एकदाच नीट लिहिते.

इनामगाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असं तिथे खोदकाम केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही पुरातत्त्वज्ञ मंडळी. वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. तांबं माहीत होतं पण रोजच्या कामाला दगडाचीच पाती, म्हणून ताम्रपाषाण.

पण आधी घर बघा ना, सगळे डायरेक्ट सांगाड्यांवरच येतात. सुरुवातीच्या जोर्वे काळातलं (जोर्वे हे इथल्या ताम्रपाषाण संस्कृतीचं नाव) घर म्हणजे चौकोनी, साधारण ५ बाय ३ मीटर, कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती, आत चूल, कुठे जमिनीत खणलेलं धान्याचं पेव, कुठे कणगी ठेवायला मातीचा गोल ओटा, नाहीतर रांजण टेकायला चार चपटे दगड. आणि ह्याच जमिनीखाली, जिथे रोज रांधायचं-जेवायचं तिथेच, घरातलं लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवी ठेवायची, आत ते मूल, बाजूला तोटीचं भांडं आणि वाडगे. मला ती तोटी बघून दर वेळी गलबलतं, कुणीतरी त्याच्या तहानेचा विचार केलाय.

मोठी माणसं उताणी, डोकं उत्तरेला, आणि हो, घोट्याखालून पाय तोडलेले. मेलेल्याने भूत होऊन हिंडू नये म्हणून, असं सहसा सांगतात. मला हे अर्धंच पटतं. भुताची एवढी धास्ती असती तर लांब नदीपलीकडे नेऊन पुरलं असतं की, उशाशी कशाला ठेवतील? माझ्या मते त्याला घालवायचं नव्हतंच, त्याने घर सोडून जाऊ नये एवढंच होतं. अर्थात हा माझा अंदाज.

आता खरी गंमत. गावाच्या मध्यावर एक पाच खोल्यांचं घर सापडलं, आणि त्याला लागून धान्याचं कोठार, म्हणजे पेवं आणि ओटे मिळून, एका कुटुंबाच्या गरजेपेक्षा बरंच मोठं. ह्या घराच्या अंगणात मातीचा चार पायांचा मोठा रांजण पुरलेला, आत एक पुरुष मांडी घालून बसवलेला, आणि त्याचे पाय शाबूत! ढवळीकरांच्या मते हा गावचा मुखिया असावा, आणि ते पटतं, कारण इथे पाट काढून शेतीला पाणी द्यायचे, जव हे मुख्य पीक, मग पाणी वाटायला आणि धान्य गोळा करायला कुणीतरी लागणारच. म्हणजे पाय कुणाचे तोडायचे आणि कुणाचे नाही हे कोठाराची किल्ली कुणाकडे आहे त्यावर ठरत होतं, निदान मला तरी तसं दिसतं. भुताखेतांपेक्षा मला हे जास्त इंटरेस्टिंग वाटतं पण लोकांना भूतच हवं असतं, काय करणार.

इ.स.पू. १००० च्या पुढे पाऊस कमी झाला असं ढवळीकर मांडतात, ती ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा गुरं-शेरडं आणि शिकारीवर भर वाढला. तरी त्या झोपड्यांच्या जमिनीतही मुलांची जोडमडकी सापडतातच.