चार वाजता प्रोजेक्टर बंद

अमेरिकेत हार्वर्डच्या कला संग्रहालयात २०१४-१५ मध्ये मार्क रॉथको या अमेरिकन चित्रकाराची पाच मोठी भित्तिचित्रं मांडली होती. रोज दुपारी चार वाजता त्यांच्यावरचे प्रोजेक्टर बंद केले जायचे आणि गडद किरमिजी रंग बघताबघता फिका पडायचा. ही चित्रं १९६४ मध्ये विद्यापीठाच्या एका जेवणाच्या दालनात लागली होती. मोठ्या खिडक्यांतून येणाऱ्या उन्हानं त्यातला लिथॉल रेड हा लाल रंग उडाला. वर वार्निश नव्हतं, म्हणजे नवा रंग चढवला असता तर तो पुन्हा काढता आला नसता. मग जुन्या, स्वतःच विटलेल्या रंगीत फोटोंवरून मूळ छटा संगणकानं शोधल्या आणि ज्या बिंदूला जेवढा रंग कमी, तेवढाच प्रकाश तिथे टाकला.

म्युझियममध्ये डिजिटल म्हणून काय काय चालतं, असं कोणी विचारलं तर आम्ही आधी हेच सांगतो. प्रेक्षक शेवटपर्यंत चित्राकडे बघत होता, यंत्राकडे नाही.

पण म्हणून दिसेल त्या वस्तूवर प्रोजेक्टर रोखू नये. हिशेब करून बघा. कागद, कापड, जलरंग यांना साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर किती प्रकाश पडतो त्याचं माप) प्रकाश चालतो. रोज ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर १,२०,००० लक्स-तास झाले. आता ५,००० ल्युमेनचा, म्हणजे एकूण तेवढा प्रकाश फेकणारा, प्रोजेक्टर ३ बाय २ मीटरच्या कापडावर पूर्ण पांढरं चित्र टाकतोय असं समजा. पडतात जवळजवळ ८३० लक्स. वर्षभराचा वाटा अठरा दिवसांत संपला! दगडाला ही भीती नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१६ मध्ये डेंडूरच्या इजिप्शियन मंदिराच्या भिंतीवर पुसले गेलेले रंग प्रकाशानं परत आणले, ते त्यामुळेच जमलं. नाजूक वस्तू असेल तर प्रतिकृतीवर प्रकाश टाका आणि मूळ वस्तू शेजारी मंद उजेडात ठेवा.

अॅनिमेशनचं सगळ्यात नेमकं काम बर्लिनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात दिसतं. १३ मीटरहून उंच जिराफाटायटन (पूर्वीचं नाव ब्रॅकिओसॉरस) या डायनोसॉरचा सांगाडा उभा आहे. समोरची, आत अॅनिमेशन दाखवणारी दुर्बीण त्याच्यावर रोखली की हाडांवर आधी आतले अवयव, मग स्नायू, मग कातडी चढते आणि प्राणी चालू लागतो. दुर्बिणीपासून डोळा दूर नेला की समोर पुन्हा तीच हाडं. अशा यंत्रात खरी डोकेदुखी असते ती कोन मोजणाऱ्या सेन्सरची. मुलं दुर्बिणीला लोंबकळतात, बैठक किंचित हलते आणि अॅनिमेशनमधली मान खऱ्या मानेपासून वीतभर सरकते. दुरुस्ती सोपी आहे: ठरलेल्या खुणेवर रोखून शून्य पुन्हा लावायचं. पण ते कोणाच्या तरी रोजच्या कामात लिहिलेलं हवं.

ब्रिटिश म्युझियमनं २०१२ मध्ये साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या गेबेलीन मॅन या इजिप्तमधल्या ममीचं सीटी स्कॅन एका टचटेबलवर ठेवलं. बोटानं कातडी बाजूला सारायची, शरीर फिरवायचं. डाव्या खांद्याच्या पात्यावरचा घाव आणि त्याखाली फुटलेली बरगडी दिसते. पाठीत वार झाला होता. काचेच्या पेटीबाहेरून हे कुणालाच दिसलं नसतं. पडदा लावायचा तर अशा कारणासाठी. पाटीवरचाच मजकूर स्क्रीनवर चढवणं म्हणजे वीज जाळणं.

फिल्म ६० ते ९० सेकंदांची पुरते. सुरुवातीला बोधचिन्हं नकोत. माणूस तेवढ्यात पुढच्या दालनात पोचतो. आवाज बंद असतानाही कळेल अशी चित्रं आणि तळाशी मजकूर हवा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको, अपस्माराचा झटका येऊ शकतो. बटणं किमान २० मिलिमीटरची आणि चाकाच्या खुर्चीतून हात पोचेल अशी, म्हणजे जमिनीपासून १२० सेंटिमीटरच्या आत. मिनिटभर कोणी हात लावला नाही की स्क्रीन आपोआप पहिल्या पानावर यायला हवी, नाहीतर पुढचा माणूस आधीच्याच्या अर्धवट खेळात अडकतो.

बिघाडांपैकी बरेचसे सॉफ्टवेअरचे नसतातच. स्क्रीन आपणहून दाबली जातेय? आधी अर्थिंग आणि पॉवर अडॅप्टर तपासा, मग सफाईचा फवारा थेट काचेवर मारला जातोय का ते बघा. फवारा कापडावर मारून पुसायला सांगा. कडेला बोट ओळखणारी इन्फ्रारेड किरणांची चौकट असलेल्या स्क्रीनला ऊन, धूळ आणि लोंबती बाही चालत नाही. बंद लाकडी कपाटात संगणक तापून अडखळतो. खाली आणि वर जाळी ठेवा, नुसती मागे नको. वीज जाऊन आली की मशीन आपोआप सुरू होऊन थेट प्रदर्शनच उघडेल अशी सेटिंग आधीच करा. आणि उद्घाटनाच्या दिवशी मध्येच अपडेटची खिडकी उघडणार नाही हेही पाहा. नुसती फिरती फिल्म असेल तर संगणक नकोच, छोटा मीडिया प्लेयर वर्षानुवर्षं मुकाट चालतो.

हातवाऱ्यांवर चालणाऱ्या खेळांचा मोह आवरा. अनेकांनी ते किनेक्ट या हालचाली टिपणाऱ्या सेन्सरवर बांधले आणि २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याचं उत्पादनच थांबवलं. सेन्सर मेला की अख्खा कोपरा अंधारात. पाच सेन्सर लागणार असतील तर सात घ्या, आणि अॅनिमेशनच्या मूळ फाइल्स करारातच मागून ठेवा; तयार झालेली नुसती फिल्म हाती आली तर पाटीतली एक चूक सुधारायलाही पुन्हा त्याच स्टुडिओचं दार ठोठावावं लागतं.