कल्याण ते नागपूर: विमानाचे तास आणि रस्त्याचे तास

मुंबई आणि नागपूर ही शहरे हवाई मार्गाने एकमेकांपासून सुमारे ६८० किलोमीटर दूर आहेत आणि तिकिटावर या प्रवासाला दीड तास लागतो असे लिहिलेले असते. माझे माहेर नागपूरचे आणि सासर कल्याणचे असल्यामुळे ही वाट मी वर्षातून तीन-चारदा करते, आणि अनुभवाने सांगते की या दीड तासावर विसंबून कोणीही बेत आखू नये.

कल्याणहून मुंबईच्या विमानतळावर पोहोचायला सकाळच्या वर्दळीत पावणेदोन तास सहज जातात. त्यात उड्डाणापूर्वीचे दोन तास, विमानातला दीड तास आणि सामानाच्या पट्ट्याजवळची अर्धा तासाची वाट मिळवली, तर सोनेगावच्या विमानतळापासून प्रतापनगरचे घर अवघ्या पंधरा मिनिटांवर असूनही, दारातून दारात जायला सहा तास लागतातच. अंधेरीत राहणाऱ्या माझ्या बहिणीला हाच प्रवास साडेचार तासांत जमतो.

रस्त्याचे गणित मात्र गेल्या काही वर्षांत पार बदलले. पूर्वी कसारा घाट चढून नाशिक, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती असे आठशेहून अधिक किलोमीटर कापताना चौदा-पंधरा तास मोडायचे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता दहा जिल्ह्यांतून जातो, आणि ज्या घाटात मालमोटारींच्या मागे रखडत जावे लागे, तो भाग आता सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून काही मिनिटांत मागे पडतो. आमण्याचे टोक आम्हा कल्याणकरांना जवळचे, हा आमचा मोठाच फायदा आहे.

मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असली, तरी ७०१ ला १२० ने भागून सहा तास काढणे चुकीचे आहे. आमची सरासरी नव्वदच्या आसपास पडते आणि दोन थांबे धरून नऊ तास होतात. हे थांबे टाळू नयेत, असे मी कळकळीने सांगते. मेहकरच्या पुढे एका दुपारी रस्ता इतका सरळ आणि एकसुरी होता की माझे डोळे उघडे असूनही गाडी हळूहळू दुभाजकाकडे सरकत होती; शेजारी बसलेल्या यजमानांनी स्टिअरिंगला हात लावला तेव्हा मी भानावर आले. तेव्हापासून दर दोन तासांनी आम्ही चालक बदलतो, आणि उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर टायर फुटण्याची धास्ती असल्याने निघण्यापूर्वी हवा तपासतो.

एकटीने जायचे असेल तर मी अजूनही विमान घेते. चौघे आणि सामान असेल, तर तीन तास वाचवण्यासाठी चार तिकिटे काढणे मला पटत नाही. आईला मी आता पोहोचण्याची वेळ सांगत नाही. कारंजा मागे पडले की फोन करते. तेथून साधारण दोन तास, हे तिला पाठ झाले आहे आणि त्या हिशेबाने ती स्वयंपाकाला लागते.