ऑनलाइन डिग्री म्हणजे नुसते व्हिडिओ बघणं नव्हे

मी नोकरी सांभाळून आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस डेटा सायन्स करतेय हे कळलं की समोरच्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. परीक्षा घरूनच असते ना? आणि ही डिग्री चालते का? हल्ली इन्स्टाग्रामवर ऑनलाइन एमबीए, ऑनलाइन बीसीएच्या इतक्या जाहिराती येतात की साताऱ्यातल्या आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत हा विषय निघालाय, म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकावं.

आधी एक घोळ मिटवू. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्या सगळ्यांना माहितीये, १९८९ पासून आहे, घरात कुणी ना कुणी तिथून बीए केलेलं असतंच. पण मुक्त विद्यापीठाची जुनी पद्धत म्हणजे दूरशिक्षण, त्यात पुस्तकं घरी येतात, जवळच्या अभ्यासकेंद्रावर जायचं, पेपर तिथेच. ऑनलाइन डिग्री हा वेगळा प्रकार आहे, त्याचे यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या विद्यापीठ अनुदान आयोगाचे, सध्याचे नियम २०२० चे. यात लेक्चर, नोट्स, चर्चा, टेस्ट सगळं पोर्टलवर असतं आणि अभ्यासकेंद्र नावाची गोष्टच नसते. म्हणून कुणी "आमच्याकडे अमुक विद्यापीठाच्या ऑनलाइन कोर्सचं सेंटर आहे, अॅडमिशनपासून परीक्षेपर्यंत सगळं इथेच" असं सांगितलं तर तिथून उठून या. विद्यापीठांना फ्रँचायझी द्यायला यूजीसीने बंदीच घातलेली आहे.

हे मी उगाच ओरडून सांगत नाहीये. माझ्या चुलतभावाला एका कन्सल्टन्सीवाल्याने ऑनलाइन बीटेक सांगितलं, नोकरी करता करता डिग्री, परीक्षेचं आम्ही बघून घेतो वगैरे. पोरगा डिप्लोमा करून कंपनीत लागलेला, डिग्री नाही म्हणून प्रमोशन अडलेलं, त्याने बिचाऱ्याने टोकन भरलं. आता ऑनलाइन इंजिनिअरिंगची डिग्री यूजीसीच्या नियमात बसतच नाही, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, लॉ, आर्किटेक्चर हेसुद्धा नाही. ही यादी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या म्हणजे डीईबीच्या वेबसाइटवर आहे, तिथेच कुठल्या विद्यापीठाला कुठल्या कोर्सची परवानगी आहे तेही दिसतं. विद्यापीठाचं नाव यादीत असून भागत नाही बरं का, तुम्हाला हवा तो कोर्स आणि ते वर्ष त्यात पाहिजे. पाच मिनिटांचं काम आहे ते. भावाचे पैसे परत आले नाहीत, आणि त्याहून वाईट म्हणजे आता तो शिक्षणाचा विषयच काढू देत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

बरं, आता प्रत्यक्ष अभ्यास कसा चालतो. आयआयटीचं थोडं वेगळं आहे, त्यांना त्यांच्या स्वतःच्या कायद्याने डिग्री द्यायचा अधिकार आहे. हा कोर्स २०२० मध्ये सुरू झाला, जेईई लागत नाही, पण म्हणून सरसकट प्रवेश मिळतो असंही नाही. आधी चार आठवड्यांचा अभ्यास देतात, मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स, कॉम्प्युटेशनल थिंकिंग आणि इंग्लिश, त्याच्या असाइनमेंट करायच्या, मग क्वालिफायर परीक्षा आणि ती पास झालात तर प्रवेश. पुढे वर्षात तीन टर्म, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. दर टर्मला जितके विषय झेपतील तितकेच घ्यायचे आणि तेवढ्याचीच फी भरायची, नोकरीवाल्याला हे फार सोयीचं पडतं. आणि मध्येच थांबावं लागलं तरी हाती काहीतरी राहतं, आधी फाउंडेशनचं सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, मग बीएससी, आणि सगळं पूर्ण केलं तर बीएससीच्याही पुढची बीएस.

पण वेळ किती लागतो ते कुणी विचारतच नाही! एका विषयाला आठवड्याला साधारण १० तास धरा असं ते स्वतःच सांगतात. दोन विषय घेतले म्हणजे २० तास, हे ऑफिस आणि घर सोडून. व्हिडिओ दहा-पंधरा मिनिटांचे असतात, जेवताना बघून होतात, त्यामुळे वाटतं की झालाच अभ्यास, पण खरा वेळ खाते ती दर आठवड्याची असाइनमेंट. तिची डेडलाइन रात्री ११:५९ ला संपते म्हणजे संपते, कंपनीत ऑडिट असो नाहीतर घरी पाहुणे. आणि या असाइनमेंटमध्ये ठरावीक मार्क नसतील तर टर्मच्या शेवटच्या परीक्षेला बसूच देत नाहीत. पायथॉनचा एक प्रोग्राम बाकी सगळ्या टेस्ट केस (प्रोग्राम तपासायला दिलेली उदाहरणं) पास होतोय आणि एकच राहतेय, अशी अख्खी संध्याकाळ गेलेली आहे, शेवटी फोरमवर मदुराईच्या एका मुलाने फक्त एवढंच लिहिलं की रिकामी लिस्ट आली तर काय होईल बघ. उत्तर नाही दिलं, फक्त बोट दाखवलं. कॉलेजात असताना मला असं कुणी शिकवलं नव्हतं.

परीक्षा मात्र घरून नाही. क्विझ आणि एंड टर्म सेंटरवर जाऊन द्यायच्या, रविवारी. मला पुणं सोयीचं, सकाळची एसटी पकडून स्वारगेटला उतरायचं आणि तिथून पुढे सेंटर. तिथे बारावी झालेली पोरं असतात, इंजिनिअरिंगला असून ही दुसरी डिग्री करणारी असतात (एकाच वेळी दोन डिग्र्या करायला यूजीसीने २०२२ मध्ये परवानगी दिली, तेव्हापासून हे वाढलंय), आणि डोक्यावरचे केस पांढरे झालेले काकाही असतात, सगळे एकाच रांगेत हॉलतिकीट हातात धरून. मला हे फार आवडतं.

माझी वहिनी एका दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाची ऑनलाइन बीकॉम करतेय, तिची परीक्षा घरून असते पण ती सोपी असते असं समजू नका. लॅपटॉपचा कॅमेरा सुरू, आधी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायचं, मग लॅपटॉप उचलून सगळी खोली फिरवून दाखवायची, टेबलाखालीसुद्धा. मान सारखी वळली की वॉर्निंग, दुसऱ्याचा आवाज आला की वॉर्निंग. आमच्या घरात आठ माणसं, त्यामुळे पेपरच्या दिवशी दादा पोरांना घेऊन बाहेर जातो, आई टीव्ही लावत नाहीत, आणि लाइट गेली तर म्हणून इन्व्हर्टर आणि दुसऱ्या मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवलेला असतो. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण थांबलं, त्या बाईसाठी अख्खं घर तीन तास गप्प बसतं, यापेक्षा जास्त मी काय सांगू.

डिग्री चालते का, तर हो. मान्यताप्राप्त ऑनलाइन डिग्री नेहमीच्या कॉलेजच्या डिग्रीच्या बरोबरीची धरायची असं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये परत एकदा स्पष्ट केलंय. पण खाजगी कंपनीत इंटरव्ह्यू घेणारा माणूस शेवटी तुम्हाला काय येतं तेच विचारणार. सरकारी भरतीची जाहिरात असेल तर पात्रतेची ओळ शब्द न् शब्द वाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, विशेषतः लग्न झालेल्या मुलींसाठी, कारण हे कुठल्याच जाहिरातीत येत नाही. २०२४ पासून यूजीसीच्या ऑनलाइन कोर्सला प्रवेश घ्यायचा तर डीईबी आयडी लागतो, तो काढायला एबीसी आयडी (अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे आपल्या शिक्षणाचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर) लागतो आणि तो डिजिलॉकरमधून आधारवर निघतो. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, त्यात वडिलांचं नाव मधे, आणि आधारवर सासरचं, मधे नवऱ्याचं. म्हणजे कागदावर दोन वेगळ्या बायका! वहिनीचा फॉर्म इथेच अडकला होता. विवाह नोंदणी प्रमाणपत्र शोधलं तर केलेलंच नव्हतं, मग ते काढलं, मग नावबदलाचं राजपत्र, ते आता ऑनलाइन अर्ज करून मिळतं पण दिवस लागतात, आणि तोवर प्रवेशाची तारीख निघून गेली, पुढच्या सेशनची वाट बघावी लागली. वर्षातून दोनदाच प्रवेश असतात, एक जुलैच्या आसपास आणि एक जानेवारीच्या. तेव्हा विद्यापीठ नंतर निवडा, फीचं नंतर बघा, आधी दहावीचं मार्कशीट आणि आधार दोन्ही शेजारी ठेवून नाव, स्पेलिंग आणि जन्मतारीख जुळतेय का बघा. जुळत नसेल तर तो अर्ज आजच करा. बाकी कुठल्या विद्यापीठाला परवानगी आहे ते कसं शोधायचं यात अडलं तर कमेंटमध्ये विचारा, मी बसून शोधून देईन.