साडेतीन फुटांसाठी पंधरा सह्या

"खोली तुमची असेल हो, पण जमीन सामाईक आहे." ग्रामपंचायतीच्या लिपिकाने माझा अर्ज दुसऱ्यांदा परत करताना उच्चारलेले हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावात, ज्या घरात माझा जन्म झाला त्याच घराची मागची पडवी साडेतीन फूट आत घेऊन मुलाची खोली वाढवावी, एवढेच माझे मागणे होते. आणि त्यासाठी जून २०२४ ते ऑक्टोबर २०२५ असे सोळा महिने गेले. असली कामे गावात सहसा कोणाला विचारून होत नाहीत, हे मला ठाऊक आहे. परंतु मला दुरुस्तीसाठी कर्ज हवे होते आणि बँकेला परवानगीचा कागद हवा होता.

प्रश्न मुळात कागदाचा नव्हता. मुलाला दहावे लागले आणि तोपर्यंत जमिनीवर गादी टाकून झोपणाऱ्या मुलाला पलंग, टेबल आणि स्वतःचे कपाट लागणार हे दिसू लागले. खोली आठ फूट बाय नऊ फूट, म्हणजे ७२ चौरस फुटांची. आईचे म्हणणे असे की, "तुम्ही चार भावंडे ह्याच खोलीत वाढलात, तेव्हा कोणाचे पाय बाहेर आले नाहीत." तिचे खोटे नव्हते; पण आमच्या गोधड्या सकाळी घडी होऊन माळ्यावर जात, अभ्यास ओटीवर होई, कपडे वलणीवर असत आणि दिवसभर त्या खोलीत भाताच्या पेटाऱ्याशिवाय काहीही नसे. पेटारा अजून तिथेच आहे. त्याला हलवण्याचा विषय काढण्याचे धाडस मी एकदाच केले.

मोजमाप घेताना मी केलेली एक गोष्ट उपयोगी पडली. पलंग सव्वासहा बाय तीन फूट, टेबल तीन बाय दोन, कपाट तीन बाय दीड, अशा मापांची वर्तमानपत्रे जोडून ती जमिनीवर अंथरली, दार पूर्ण उघडले आणि मग मुलाला आत चालायला सांगितले. पेटारा धरून सामानाने ३७ चौरस फूट घेतले, दाराच्या फिरण्याने पाच, आणि उरलेली जागाही सलग नव्हती. टेबलाची खुर्ची मागे सरकवली की ती पलंगाला अडत होती. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातील एक खोली ९.५ चौरस मीटर असेल तर दुसरी राहण्याची खोली किमान ७.५ चौरस मीटर आणि २.१ मीटर रुंद असावी असे सांगितले आहे. साडेसात चौरस मीटर म्हणजे जवळजवळ ८१ चौरस फूट. रुंदीत आमची खोली उत्तीर्ण होती, क्षेत्रफळात नऊ चौरस फुटांनी नापास. खिडकीचा आकडा पाहून मात्र मला अधिक लाज वाटली, कारण आमच्यासारख्या उष्ण व दमट हवेत खिडक्यांची उघडी जागा जमिनीच्या एक षष्ठांश हवी, म्हणजे बारा चौरस फूट, आणि आमची खिडकी दोन बाय दोनची, चारच चौरस फुटांची. आषाढात त्या खोलीतल्या वह्यांना बुरशी का धरते, हे इतकी वर्षे मी पावसावर ढकलत होतो.

नकाशा तालुक्याच्या ठिकाणच्या अभियंत्याने चार दिवसांत काढून दिला. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा कागद, त्याच दिवशी मिळाला. घर खाडीजवळ असल्याने किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारपट्ट्याचीही भीती होती, परंतु २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे खाडीकाठी भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी तेवढाच पट्टा येतो आणि २०१९ च्या अधिसूचनेने तो १०० चा ५० केला. आमचे घर वर घाटीत, त्याच्या कितीतरी पलीकडे आहे. ज्यांचे घर खाली काठावर आहे, त्यांनी मात्र नकाशावर पैसे घालण्यापूर्वी हे पाहावे.

अडले ते सातबाऱ्यावर. घराखालच्या जमिनीवर अकरा नावे होती आणि त्यांपैकी चार माणसे हयात नव्हती. माझे एक चुलत आजोबा १९८७ साली वारले, तरी सातबाऱ्यावर ते अजून कब्जेदार होते. जूनमध्ये अर्ज दिला तेव्हा लिपिक फक्त म्हणाले, "सहहिस्सेदारांची संमती जोडा." आमचे सहहिस्सेदार डोंबिवलीत, नालासोपाऱ्यात आणि एक सुरतेला, ते सगळे एका छपराखाली सापडतात ते गणपतीत. म्हणून सप्टेंबरपर्यंत थांबलो आणि गौरी जेवल्या त्या दिवशी, मला सोडून हयात असलेल्या सहाही जणांच्या सह्या एका कोऱ्या कागदावर घेतल्या. तो कागद ऑक्टोबरात परत आला. संमतीपत्र मुद्रांकावर हवे, असे आता सांगण्यात आले. त्याच महिन्यात राज्यात १०० रुपयांच्या मुद्रांकाची कामे ५०० रुपयांवर गेली होती, त्यामुळे माझ्या उशिराची किंमतही पाचपट झाली. मयतांच्या वारसांचीही संमती लागेल, हे याच वेळी कळले, आणि वारसांची नोंद झाल्याशिवाय ते वारस आहेत असे कोणी मानणार नाही, हे त्यानंतर महिन्याने.

माझा राग नियमावर नाही. सामाईक जमिनीवर कोणी एकट्याने भिंत उभारू नये, हे योग्यच आहे; उद्या माझ्या चुलतभावाने तसे केले तर मीच आधी ओरडेन. राग आहे तो एकेका फेरीला एकेक कागद सांगण्याचा. जे जूनमध्ये एका चिठ्ठीवर लिहून देता आले असते, ते कळायला मला डिसेंबर उजाडला. म्हणून पहिल्याच दिवशी लागणाऱ्या सर्व कागदांची यादी लेखी मागावी आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. मी पोच घेतली नव्हती आणि माझा पहिला अर्ज पुढे सापडलाच नाही.

वारस नोंदीसाठी चार मृत्यूदाखले लागले. तीन गावातच मिळाले. चुलत आजोबा मुंबईत वारले होते, त्यांच्या दाखल्यासाठी तिथल्या एका कार्यालयात मी रात्रीच्या गाडीने दोनदा गेलो, आणि दुसऱ्या खेपेला कळले की नोंदीत त्यांच्या नावापुढे वडिलांचे नाव चुकलेले आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्यभर "जिवंत सातबारा" मोहीम सुरू झाली नसती, तर हे प्रकरण कुठे पोहोचले असते कोण जाणे. त्या मोहिमेत आमचे चारही फेरफार धरले गेले, नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत कोणाच्या हरकतीविना संपली आणि चार मयतांच्या जागी नऊ वारस आले. मला वगळून सह्या आता सहाच्या पंधरा झाल्या होत्या.

मग पुन्हा गणपतीची वाट. दरम्यान मुलगा उंचीने तीन इंच वाढला आणि त्याने पाय पेटाऱ्यावर ठेवून झोपण्याची एक पद्धत बसवली. ऑगस्टच्या अखेरीस मंडळी आली, तेव्हा नव्या वारसांपैकी एक चुलतबहीण सही करताना थबकली. "दादा, सही करते, पण उद्या ह्यावरून आमचा हिस्सा गेला असं नको व्हायला." तिची शंका रास्त होती. त्याच रात्री मसुद्यात "या संमतीमुळे कोणाही सहहिस्सेदाराच्या हक्कास बाध येणार नाही" असे वाक्य घालून नवा मुद्रांक आणायचे ठरवले आणि दुसऱ्या दिवशी सह्या दुपारच्या जेवणाआधी पूर्ण झाल्या. हे वाक्य आरंभापासून ठेवले असते तर ५०० रुपये वाचले असते. सही करणाऱ्यांच्या आधार कार्डाच्या प्रती मी जुलैतच फोनवर मागवून ठेवल्या होत्या, एवढे एक शहाणपण मात्र माझ्या हातून झाले. ऑक्टोबरच्या मासिक सभेत विषय आला आणि पाच मिनिटांत मंजूर झाला. कागद हातात आला त्या दिवशी मी लिपिकांना पेढे दिले, आणि का दिले हे मला अजून कळलेले नाही.

काम दिवाळीनंतर तीन आठवड्यांत झाले. पडवीचा कूड काढून जांभ्याच्या चिऱ्याची भिंत आली, खोली आठ बाय साडेबारा, म्हणजे शंभर चौरस फुटांची झाली, आणि आता दोन खिडक्या मिळून सतरा चौरस फूट उघडतात. पलंग बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे लांब ठेवला आहे, कारण जांभा पावसाचे पाणी पितो आणि भिंतीला टेकलेली गादी श्रावणापर्यंत ओली लागते. गादी ७८ इंची घेतली. ७२ इंची स्वस्त होती, पण ती पुन्हा बदलावी लागली असती.

एक गोष्ट नकाशा काढतानाच पाहायला हवी होती. कौलारू छप्पर पडवीकडे उतरत जाते, त्यामुळे मिळालेल्या साडेतीन फुटांत उंची कमी आहे आणि अगदी भिंतीपाशी ती सहा फूट एक इंच भरते. तिथे म्हणूनच पलंग टाकला आहे, झोपलेल्याला उंची लागत नाही. मुलगा सध्या चार फूट आठ इंच आहे. त्याचा मामा सहा फूट दोन इंच आहे.